यूका, लिक्षा आणि सीताफळाचे बी

ग्रामीण भागातील शाळकरी मुलींत, विशेषतः वसतिगृहांतून, उवांचा उपद्रव इतका सर्रास आढळतो की पालक त्यास व्याधी मानतच नाहीत. मूल वैद्याकडे येते ते डोक्यात पू झाल्यावर किंवा मानेमागच्या गाठी सुजल्यावर. तोवर घरगुती उपाय होऊन गेलेले असतात, आणि आमच्या मते उवांपेक्षा अधिक धोका त्या उपायांतच आहे.

सीताफळाच्या बियांची पूड हा त्यांतील अग्रणी. बालाघाटाच्या परिसरात फळ मुबलक, बी फुकट, उवा मरतातही. परंतु ही पूड डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होऊन कॉर्नियाला इजा पोहोचते. रात्री लेप बांधला, सकाळी डोक्यावरून पाणी घेतले आणि तेच पाणी डोळ्यांत उतरले, हा वृत्तांत आम्ही वारंवार ऐकला आहे. रॉकेल व शेतातील कीटकनाशकांविषयी तर बोलायलाच नको. खाजवून सोललेल्या त्वचेतून विष सहज शोषले जाते. औषधविक्रेत्यांनी ही पूड सुटी विकू नये. धत्तूरपत्राचा योग ग्रंथोक्त असला तरी बालकांत आम्ही तो वर्ज्यच मानतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, या बाह्य मलज कृमींच्या चिकित्सेत अपकर्षण प्रथम सांगितले आहे. अपकर्षण म्हणजे येथे फणी! तेल लावलेल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी. लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात; म्हणून दर तिसऱ्या दिवशी, किमान दोन आठवडे. घरातील सर्वांची डोकी त्याच दिवशी तपासावीत. उपद्रव फारच असल्यास १ टक्का पर्मेथ्रिन लोशन सुचविण्यात वैद्याने कमीपणा मानू नये. ९ दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते.

चरकांनी मृजावर्जन, म्हणजे अस्वच्छता, हा हेतू दिला आहे खरा. तथापि ऊ स्वच्छ केसांतही होते. ती उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागून पसरते आणि डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते. तेव्हा मुलीला ‘घाणेरडी’ ठरवून वेगळे बसविणे अशास्त्रीय होय. आमच्या परिचयाच्या एका शाळेने केस कापण्याची सक्ती करताच दोन मुलींनी येणेच सोडले. शिक्षकांशी बोलून ती सक्ती मागे घेवविली, दोन्ही घरी फण्या दिल्या. एक मुलगी परतली, दुसरीच्या घरी आमचे जाणे-येणे अद्याप चालू आहे.