पस्तीस आले कोठून?

५२ मधून २७ वजा केले असता २५ उरतात. तिसरी-चौथीच्या वर्गात हे उदाहरण घातले, तर काही मुलांच्या वहीत ३५ हे उत्तर हमखास आढळते. शिक्षक त्यावर तांबडी फुली मारतात, दहापैकी मिळालेले चार गुण कोपऱ्यात मांडतात आणि वही परत जाते. फुली योग्यच असते, कारण उत्तर चुकलेलेच आहे. परंतु हे पस्तीस आले कोठून, हा प्रश्न ती फुली विचारीत नाही; आणि शिकविणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होय.

पस्तीस येण्याच्या वाटा दोन आहेत. एका मुलाला एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत असे दिसते, म्हणून ते सातातून दोन काढून मोकळे होते. दुसरे मूल एक दशक सुटा करते, बारातून सात काढून पाच मांडते, पण दशकाच्या घरात पाचाचे चार करावयास विसरते. पहिल्याला हातचा म्हणजे काय हेच उमगलेले नाही. दुसऱ्याला ते उमगले आहे, केवळ एक पायरी गळाली आहे. दहा उदाहरणांपैकी सहा हातच्याची असतील, तर दोघांनाही चारच गुण मिळतात. पण दोघांना उद्या शिकवावयाचे असते ते मात्र अगदी निराळे. पहिल्यासमोर काड्यांचा गठ्ठा सोडून दाखविला पाहिजे. दुसऱ्याला वरचा आकडा खोडून नवा लिहिण्याची सवय लाविली की काम भागते. आपल्या पुढे कोणते मूल आहे हे ओळखण्यासाठी शिक्षकाने ४३ मधून २९ वजा करावयास सांगावे. पहिले मूल २६ लिहील, दुसरे २४. याहूनही सोपा उपाय म्हणजे मुलाला टेबलाजवळ बोलावून ‘हे कसे केलेस, सांग पाहू’ असे विचारणे. यास अर्धा मिनिट लागतो.

सीमाभागातील व परप्रांतातील मराठी शाळांत आणखी एक तिसरी वाट संभवते. मराठीत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी येतात आणि पन्नास मागाहून. कन्नड व तेलुगू भाषांत पन्नास आधी, दोन नंतर. बेळगावात वा हैदराबादेत घरी एका रीतीने व शाळेत दुसऱ्या रीतीने मोजणारे मूल तोंडी घातलेल्या उदाहरणात ५२ च्या जागी २५ लिहून बसले, तर त्याची वजाबाकी तपासण्यात काय अर्थ? चूक गणिताची नसते, ऐकण्याची असते. तेच उदाहरण फळ्यावर लिहून दिले की ही शंका फिटते.

गुणांनी शिक्षणाचे पुरते माप होत नाही, ही जाणीव आपल्याकडे आजकालची नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, केवळ बाह्य परीक्षेवर विसंबू नये, विद्यार्थ्याची शालेय नोंदपत्रके ठेवावीत आणि आकडी गुणांऐवजी श्रेणींचा अवलंब करावा, असे सुचविले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मूल्यमापन ही अखंड चालणारी क्रिया मानली. अमेरिकेत स्टार्च व एलियट या दोघा संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा शंभरपैकी दिलेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांची तफावत निघाली. निबंधात असे व्हावयाचेच, असे कोणी म्हणू नये म्हणून पुढील वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तफावत कमी न होता वाढली.

तथापि गुण काढून टाकले की सर्व सुरळीत होईल, हाही भाबडेपणाच. गुणांच्या जागी काय ठेवावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. या बाबतीत इस्राएलमधील रूथ बटलर यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी पाचवी-सहावीतील मुलांचे तीन गट केले. एका गटास कामाबद्दल फक्त गुण दिले, दुसऱ्यास फक्त लेखी अभिप्राय, तिसऱ्यास दोन्ही. अभिप्राय मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले व त्यांची गोडीही टिकली. गुण मिळालेल्यांत तसे घडले नाही. दोन्ही मिळालेल्यांचे तरी भले व्हावे ना? पण त्यांची स्थितीही जवळजवळ केवळ गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की त्याच्या शेजारचे अक्षर कोणी वाचीत नाही. ज्या शिक्षकांनी रात्री जागून वह्यांवर शेरे लिहिले आहेत, त्यांना हे वाचून वाईट वाटेल. परंतु त्यांतील पुष्कळांनी ते पूर्वीच अनुभविलेले असेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन हे प्राथमिक शाळेचे कर्तव्य ठरविले. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक व संकलित अशी त्याची दोन अंगे आली. आकारिक म्हणजे शिकणे चालू असताना केलेले, संकलित म्हणजे सत्राअखेरचे. आकारिकासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी साधने नेमून दिली गेली. योजना चांगली होती. पण वर्णनात्मक नोंद लिहावयाची म्हणताच बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि ‘गणितात प्रगती समाधानकारक’, ‘उपक्रमात आवडीने भाग घेतो’ अशी वाक्ये एका वर्गातील अनेक मुलांच्या नावांपुढे उतरू लागली. गुण निदान दोन मुलांत फरक तरी दाखवितो. या वाक्यांनी तेवढेही साधत नाही. प्रकल्पाचेही तसेच झाले. कागदी घर आईने चिकटविले आणि तक्ता दुकानातून आला, तर शिक्षकाने मूल्यमापन नेमके कोणाचे केले?

नोंद उपयोगी ठरावयाची तर तीत पाहिलेली गोष्ट असावी, मत नसावे. ‘वाचन कच्चे’ ही नोंद मत झाली. ‘जोडाक्षर आले की थांबतो, र-काराचे प्रकार गाळतो, चित्र पाहून अर्थ मात्र नेमका सांगतो’ ही नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही काम सांगते. वर्गात ४८ मुले असताना हे शक्य आहे काय, अशी शंका रास्तच आहे. सर्वांवर एकाच दिवशी डोळा ठेवू गेल्यास ते शक्य नाही. पण सकाळीच चार नावे ठरवून दिवसभरात तेवढ्याच मुलांच्या दोन-दोन ओळी टिपल्या, तर बारा शाळादिवसांत वर्ग पुरा होतो. यामुळे आणखी एक लाभ होतो. मागल्या बाकावरचे, कधी हात वर न करणारे, खोडीही न काढणारे मूल एरवी महिनोन् महिने शिक्षकाच्या नजरेतून निसटते. यादीत त्याचे नाव आले की त्या दिवशी तरी ते दिसते.

तास संपता संपता कागदाच्या चिटोऱ्यावर ‘आज काय कळले’ आणि ‘काय कळले नाही’ एवढे दोन वाक्यांत लिहून घेणे ही युक्तीही बिनखर्चाची आहे. त्यावर गुण द्यावयाचे नाहीत, नाही तर सर्वांनाच सर्व काही कळू लागते. त्या चिठ्ठ्या वाचून शिक्षक तीन ढीग करतो, आणि उद्याच्या तासाची सुरुवात कोठून करावयाची ते त्याला ठाऊक होते. निबंधासाठी मात्र संचयिका अधिक बोलकी. वर्षारंभी लिहिलेला निबंध न तपासता ठेवून द्यावा. दिवाळीनंतर त्याच विषयावर पुन्हा लिहवून दोन्ही मुलाच्याच हाती द्यावेत आणि काय बदलले ते त्यालाच शोधावयास सांगावे. पुष्कळ मुले आपल्या जुन्या चुका शिक्षकाहून अधिक कठोरपणे दाखवितात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात जे समग्र प्रगतिपत्रक सुचविले आहे, त्यात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या व सोबत्यांच्या मूल्यमापनाला स्थान आहे ते याच कारणाने.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची, दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देण्याची आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा त्यामुळे राज्यांना मिळाली. हातचा न उमगलेले मूल तिसरीत ओळखले गेले, तर काड्यांच्या गठ्ठ्याने चार दिवसांत मार्गी लागते. तेच पाचवीच्या वार्षिक परीक्षेपर्यंत ‘दहापैकी चार’ म्हणून पुढे सरकत राहिले, तर त्याच वजाबाकीपायी त्याचे एक वर्ष जाऊ शकते.

पालक शाळेत येतात तेव्हा बहुधा एकच विचारतात, ‘गुरुजी, किती मिळाले?’ त्या प्रश्नावर रागावण्याचे कारण नाही. त्यांच्या स्वतःच्या शालेय दिवसांत दुसरे काही विचारावयाची सोयच नव्हती. अशा वेळी आकडा सांगावाच. मग जुनी वही उघडून ५२ व २७ चे ते उदाहरण दाखवावे, त्यापुढे या आठवड्याची वही ठेवावी, आणि हातच्याचे गणित वडिलांना समजावून सांगण्याचे काम मुलाकडे द्यावे.