‘पस्तीस मार’ म्हणण्याआधी

मुंबई-अहमदाबाद आणि सुरत-धुळे हे दोन महामार्ग कडोदऱ्याला एकमेकांना छेदतात. आखाजीला गावी निघालेली सुरतेतली खानदेशी कुटुंबं इथून बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरच्या वाटेला लागतात. हवा भरायला थांबलं की आकडा ठरलेला: ‘पस्तीस मार.’ मागे ट्रेलर जोडला असला तरी तोच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात ओढून न्यायच्या कॅरव्हॅनही आहेत. त्यांना हा सरसकट पस्तीसचा हिशेब चालायचा नाही.

‘टायरवर छापलेला आकडा म्हणजे भरायची हवा’ हा समज अर्धाच खरा. कारच्या टायरवर असते ती कमाल मर्यादा. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मिळतो, तोही दोन प्रकारचा: मोजकी माणसं असताना वेगळा, पूर्ण भार असताना वेगळा. कॅरव्हॅन जोडली की तिच्या वजनाचा थोडा भाग हुकावर येतो (साधारण पाच ते सात टक्के असावा, असा ब्रिटनमधला संकेत आहे) आणि तो कारच्या मागच्या चाकांवर बसतो. म्हणून मागच्या टायरला पूर्ण भाराचा आकडा. कॅरव्हॅनचं गणित मात्र निराळं. तिच्या चाकांवर भार जवळजवळ कायम पूर्णच असतो, त्यामुळे तिची हवा बहुधा कमाल आकड्याच्या आसपास निघते. ती बनवणाऱ्याच्या पट्टीवरून किंवा टायर कंपनीच्या तक्त्यावरून घ्यायची, कारवरून नाही.

‘मापाचा टायर बसला की झालं’ हा त्याहून महागात पडणारा समज. मापाच्या पुढे एक साधा आकडा असतो, तो भारांक. ९३ म्हणजे एका टायरला ६५० किलो. एका आसाची, भरून १३०० किलोची कॅरव्हॅन असेल तर ९३चा टायर कागदावर पुरतो, पण सामान एका बाजूला झालं किंवा खड्डा लागला की काही शिल्लक उरत नाही. दहा टक्के हात राखायचा तर ९७ हवा, म्हणजे ७३० किलो. भारी कॅरव्हॅनला मालवाहू टेंपोचे ‘सी’ खुणेचे टायर लावतात ते याचसाठी.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो.’ हे मी अनेक जाणत्या ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि आतले थर सुटू लागतात. हवा वाढली म्हणून फुटण्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा घडतं. सकाळी ३६ भरलेला टायर दुपारी ४१ दाखवेल. ते स्वाभाविक आहे आणि टायर बनवताना धरलेलंही आहे. घाबरून नवापूरला पाच सोडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ३१ उरतात आणि पुढे कोंडाईबारीचा घाट असतो. हवा थंड टायरवरच मोजावी, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. डोळ्यांनी किंवा लाथ मारून नव्हे, गेजने: रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो.

नायट्रोजनचं थोडक्यात. साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो आणि तापल्यावर दाब त्याचाही वाढतो. भरा, पण मोजणं चुकत नाही.

कॅरव्हॅनच्या टायरची नक्षी सहसा झिजतच नाही. गाडी वर्षातले बरेच महिने एकाच जागी उन्हात उभी असते आणि रबर आतून कडक होतं. त्यामुळे ‘गोटा झाला नाही ना, मग चालेल’ हे इथे लागू नाही. बाजूवरचे चार अंक पाहा: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यातला टायर. ब्रिटनमधले कॅरव्हॅनवाले पाच वर्षांनी बदलायला सांगतात आणि सातच्या पुढे वापरूच नये म्हणतात. आपल्या उन्हात यापेक्षा सैल राहण्याचं कारण मला दिसत नाही. तारीख स्टेपनीचीही बघावी, आणि ती कॅरव्हॅनच्याच मापाची, भारांकाची आहे ना तेही. कारची स्टेपनी तिला बहुतेक वेळा बसत नाही.