निळ्या पडद्यावरचा हिशेब

लालबागचा राजवाडा पूर्ण झाला तो १९२१ मध्ये, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीत. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या सनदेनं बँक ऑफ इंदूर सुरू झाली होती. शहरातल्या कापडाच्या घाऊक बाजारालाही त्यांचंच नाव आहे. सगळं इंदूर त्याला एम.टी. क्लॉथ मार्केट म्हणतं, आणि एम.टी. म्हणजे महाराजा तुकोजीराव हे नव्या पिढीला सांगावं लागतं. तो बाजार आणि ती बँक आज एकत्र आठवायचं कारण राजघराण्याचं नाही. धंद्यातली जुनी सॉफ्टवेअर ठेवावीत की टाकावीत, या प्रश्नाची दोन टोकं या दोन ठिकाणी सापडतात.

आधी बाजार. १९९० च्या दशकात कापड, किराणा, औषधं यांच्या घाऊक पेढ्यांवर पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा प्रत्येक पेढीचा रिवाज निराळा होता. आडत किती, दलाली कुणाला, रोखीवर वटाव किती, उधारीचं व्याज कितव्या दिवसापासून, थानातला तुकडा मीटरनं कसा धरायचा, हे सगळं एका तयार पॅकेजात बसणं अवघड होतं. मग ओळखीतला एखादा कॉम्प्युटर शिकलेला मुलगा यायचा, चार दिवस मुनीमजींशेजारी बसायचा आणि फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहून द्यायचा. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसची गरज नाही, बिल डॉट मॅट्रिक्सवर. मुनीमजींची बोटं त्या कळांना इतकी सरावली की गिऱ्हाईक दर बोलेपर्यंत बिल निघायचं. आजच्या चकचकीत सॉफ्टवेअरमध्ये त्याच कामाला पाच क्लिक लागतात, ही तक्रार खोटी नाही.

फॉक्सप्रो मूळचं अमेरिकेतल्या ओहायोच्या फॉक्स सॉफ्टवेअरचं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी घेतली. शेवटची मोठी आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, डिसेंबर २००४ मध्ये आली. यापुढं नवी आवृत्ती काढणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झालं आणि १३ जानेवारी २०१५ रोजी कंपनीचा उरलासुरला पाठिंबाही संपला. पण प्रोग्राम थांबले नाहीत. भाषेची कंपनी हात झटकते म्हणून त्या भाषेत केलेली बेरीज चुकत नाही. ‘जुनं झालं, टाका’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हेच पहिलं उत्तर आहे.

मात्र प्रोग्राम ज्या जमिनीवर उभा असतो ती सरकते. डॉसवरचं फॉक्सप्रो १६-बिट जमान्यातलं. ६४-बिट विंडोज असे प्रोग्राम चालवत नाही. ३२-बिट विंडोज १० वर ते चालवता येतात. त्या विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे गादीजवळचा जुना डबा उद्या बंद पडला, तर दुकानातून आणलेल्या नव्या मशीनवर तो निळा पडदा थेट उघडणार नाही. डॉसबॉक्ससारख्या युक्त्या आहेत, पण छपाई आणि दोन-तीन टेबलांवरून एकदम काम करणं यात त्या रडवतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोचं तसं नाही. ते ३२-बिट आहे आणि विंडोज ११ वर अजून चालतं. आपल्याकडं यातलं कोणतं आहे हे बहुतेक मालकांना ठाऊक नसतं. दोन्हीला ‘फॉक्स’च म्हणतात.

दुसरी सरकणारी गोष्ट कायदा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पुष्कळ जुन्या प्रोग्रामांत नवे रकाने घालावे लागले, आणि ते जमलं. ई-इनव्हॉइसची अट ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून जास्त उलाढालीला होती. ती उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. बिलाची माहिती ठरलेल्या नमुन्यात सरकारी पोर्टलला पाठवायची, क्रमांक मिळवायचा, क्यूआर कोड छापायचा. तो नमुना म्हणजे शेवटी साधी मजकुराची फाइल. फॉक्सप्रोला ती लिहिता येते, आणि हुशार प्रोग्रामरला तेवढं पुरतं.

खरी अडचण आहे ‘ऑडिट ट्रेल’ची. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांनी असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचं आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद कुणाला बंद करता येणार नाही. फॉक्सप्रोची डेटाची फाइल उघडी असते. ‘यूज’ आणि ‘ब्राउज’ हे दोन शब्द येणारा कुणीही गेल्या वर्षीच्या बिलातला आकडा बदलू शकतो, माग राहत नाही. काही पेढ्यांना ही सोय वाटायची, हे बाजारात कुणी मोठ्यानं बोलत नाही एवढंच. एकट्या मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारी पेढीला ही अट नाही. पण पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल, तर कंपनीची वही फॉक्सप्रोत ठेवण्यात माझ्या मते अर्थ उरलेला नाही.

आता बँक. १९६० मध्ये बँक ऑफ इंदूर स्टेट बँकेच्या छत्राखाली आली आणि स्टेट बँक ऑफ इंदूर झाली. बँकांच्या संगणकीकरणावरच्या १९८४ च्या रंगराजन समितीनंतर देशभरच्या बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रं शिरली, संघटनांच्या विरोधातून वाट काढत. पुढं स्टेट बँकेच्या शाखांमध्ये बँकमास्टर नावाचं सॉफ्टवेअर आलं. पण प्रत्येक शाखेचा डेटा त्या शाखेतच, त्यामुळं खातेदार शाखेचा, बँकेचा नव्हे. २००० नंतर स्टेट बँक आणि तिच्या सहयोगी बँकांनी एकच केंद्रीय प्रणाली घेतली. ती मूळ सिडनीच्या एफएनएस या कंपनीची. २००५ मध्ये टीसीएसनं ती कंपनीच विकत घेतली आणि आज ती प्रणाली ‘टीसीएस बँक्स’ म्हणून ओळखली जाते. २६ ऑगस्ट २०१० रोजी स्टेट बँक ऑफ इंदूर स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा दोघींचे हिशेब एकाच जातीच्या प्रणालीवर असणं केवढं सोयीचं ठरलं असेल हे सांगायला नको.

गंमत पुढंच आहे. शाखा-शाखांतली जुनी व्यवस्था मोडून बँकेनं जी आधुनिक व्यवस्था आणली, तिचा गाभा कोबोलमध्ये लिहिलेला. कोबोल १९५९-६० ची भाषा, फॉक्सप्रोची आजी शोभेल एवढी जुनी. म्हणजे बँकेनं आधुनिक केली ती रचना. भाषा बदलण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही.

कोबोल टिकण्याचं एक कारण अगदी साधं आहे. पुष्कळ भाषांत अपूर्णांक साठवण्याची नेहमीची पद्धत द्विमान (बायनरी) असते आणि तीत दहा पैसे नेमके बसत नाहीत, किंचित कमी-जास्त होतात. एका बिलात तो फरक दिसत नाही. कोट्यवधी खात्यांच्या व्याजात दिसतो. कोबोलमध्ये रुपये-पैशांचे दशांश आपण वहीत मांडतो तसेच नेमके ठेवता येतात. नव्या भाषांतही याची सोय आहे, पण ती आठवणीनं वापरावी लागते. रूपांतर करणारा नवखा पोरगा तिथंच घसरतो.

तसं पाहिलं तर जुना कोड नव्या यंत्रावर नेणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. १९७४ मध्ये टीसीएसला अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं जे परदेशी काम मिळालं, ते रुग्णालयाच्या हिशेबाचं पॅकेज बरोजच्या एका जातीच्या कोबोलमधून दुसऱ्या जातीच्या कोबोलमध्ये उतरवण्याचं होतं. त्यासाठी मुंबईतल्या आयसीएल यंत्रावर रूपांतराचा प्रोग्रामच लिहिला गेला. त्या यशावर सॉफ्टवेअर निर्यातीचा पाया पडला, आणि २००० सालच्या दोन आकडी सालाच्या भीतीनं तर शेकडो मराठी पोरं कोबोल शिकून परदेशी गेली.

एका रात्रीत सगळं बदलायला गेलं की काय होतं, ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं दाखवलं. एप्रिल २०१८ च्या एका शनिवार-रविवारी तिनं सुमारे ५२ लाख ग्राहकांचा डेटा नव्या प्रणालीवर हलवला. जवळपास १९ लाखांपर्यंत लोकांना आपली खाती उघडता येईनात, आणि घडी नीट बसायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. आपल्या रेल्वेच्या आरक्षणाचंही आता स्थलांतर चालू आहे. जुनी व्यवस्था इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएसवर चालते, असं सरकारनंच २०२५ मध्ये सांगितलं, आणि इटॅनियम चिपा इंटेलनं २०२१ मध्येच बंद केल्या. तिथं थांबणं हाच धोका आहे.

मग पेढीवाल्यानं करायचं काय? सध्या उत्साही मंडळी म्हणतात, जुना कोड एआयच्या हवाली करा, तो नव्या भाषेत लिहून देईल. कोड वाचून ‘इथं काय घडतं’ हे एआय खरोखरच चांगलं सांगतो. जुन्या प्रोग्रामची कागदपत्रं तयार करायला तो जरूर वापरावा. पण समजा, एका जुन्या पार्टीला व्याज लावायचं नाही अशी ओळ प्रोग्राममध्ये आहे. ती का आहे? आजोबांनी दिलेल्या शब्दामुळं, की १९९८ मधल्या एका भांडणाच्या तडजोडीमुळं? ते कोडमध्ये लिहिलेलं नसतं. मुनीमजींना विचारावं लागतं, आणि मुनीमजी निवृत्तीला आलेले असतात.

म्हणून माझा सल्ला असा. डॉसवरचं फॉक्स असेल तर त्याला आणखी वर्ष देऊ नका. व्हिज्युअल असेल आणि पेढी कंपनी नसेल, तर घाई करू नका. दोन्हींत आधी ‘पीआरजी’ फाइली, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मूळ लिहिणाऱ्याकडून आजच मागून घ्या. तो मनुष्य इंदूर सोडून गेला असेल तर तयार प्रोग्राममधून मजकूर परत काढणारी साधनं मिळतात, पण ती शेवटची पायरी. खातेवही, जीएसटी, ई-इनव्हॉइस हे टॅली, बिझी किंवा औषधवाल्यांच्या ‘मार्ग’सारख्या तयार पॅकेजवर न्या, कारण सरकारनं नियम बदलले की पॅकेज बदलण्याची डोकेदुखी ते बनवणाऱ्यांची. पेढीचे खास हिशेब, दलाली आणि दिवसांचं व्याज, तेवढेच वेगळे लिहून घ्या. सगळंच्या सगळं ‘आहे तस्सं’ नव्या भाषेत करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अशा कामात पैसे दोनदा जातात.

बदल १ एप्रिलला करा, म्हणजे फक्त सुरुवातीच्या शिलका उतरवाव्या लागतील. त्याआधी निदान तीन महिने दोन्हीवर बिलं करून आकडे जुळवा. आणि जुना डबा लगेच भंगारात देऊ नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपन्यांच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात, आणि मागितल्या तर वाचता येतील अशा स्थितीत दाखवाव्या लागतात.