शिळोप्याचं ताट (लेखांक ७) : डब्यातलं गार मटण

मागच्या आठवड्यात शिळ्या भाकरीवर लिहिलं. ते वाचून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं, "रविवारी घरात डुकराचं मटण असतं. उरलेलं सोमवारी डब्यात नेतो आणि गारच खातो. त्यात काही सत्त्व राहतं का?"

कागलात हा प्रश्न कुणी चारचौघांत विचारत नाही. इथे नुसतं 'मटण' म्हटलं की बोकडाचंच. गैबी पिराच्या उरुसाला आलेल्या पाहुण्यासमोरही तेच. डुकराचं ज्या घरात शिजतं, तिथे त्याचा गाजावाजा होत नाही.

तर, सत्त्व राहतं. जवळजवळ सगळं. शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ती रात्रीत उडून जात नाहीत. लोहही जागेवरच असतं. मात्र लोहात बोकड पुढे. डुकराची खरी कमाई म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, थायामिन. चरबी नसलेल्या १०० ग्रॅम शिजल्या तुकड्यांत ते साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम मिळतं, बोकडात जेमतेम ०.१. मोठ्या माणसाची दिवसाची गरज दीड मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. पांढराशुभ्र पॉलिशचा भात खाणाऱ्यांना हे पुरवणीचं खातं समजा.

ब-१ पाण्यात विरघळतं आणि आचेने मोडतं. म्हणजे घट होते ती पहिल्या दिवशी चुलीवर, आणि बरंचसं रश्शात उतरतं. तुकडे डब्यात आणि रस्सा मोरीत, असं करत असाल तर थांबा.

गार खाण्याचं अजून एक. बोकडाची चरबी वितळायला ४५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून गार मटण टाळूला चिकटतं. डुकराची चरबी तोंडातल्या उबेनेच मऊ होते. पण ती लवकर खवटतेही. परत तापवल्यावर येणारा उग्र वास त्याचाच. गोव्यात डुकराचं सोरपोटेल व्हिनेगर घालून करतात आणि सणाच्या आधीच करून मुरवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं, हे तिथलं कुठलंही घर सांगेल. आपल्या कांदा-लसणाच्या चटणीत ती आंबट राखण नाही.

आता जिथे खरा धोका आहे तिथे येऊ. रात्री पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं आणि सकाळी 'एक उकळी काढली की झालं' म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. मांसातले काही जंतू उकळीने मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उकळून जात नाही. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत मटण फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, पसरट भांड्यात, आणि तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे. उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकराचं मांस तर पहिल्याच दिवशी आतपर्यंत पुरतं शिजायला हवं. त्यात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, आणि तुकडा आतून कच्चा राहिला तर त्या जिवंत राहू शकतात.

रात्रपाळीचा हिशेब साधा आहे. नऊला घर सोडलेला डबा एकला उघडत असेल, तर चार तास तो उबेत राहिला. कारखान्यात फ्रीज असेल तर पोचल्याबरोबर त्यात ठेवा, मग गार खायला हरकत नाही. नसेल तर घरी खळखळून तापवून थर्मासच्या डब्यात न्या. दोन्ही जमत नसेल, तर सोमवारी पिठलं-भाकरी न्या आणि मटण घरी परतल्यावर खा.