हिशेबाच्या वहीतलं व्हॅलेन्सिया

हल्ली आपल्या तालुक्याच्या गावांतूनसुद्धा मुली जर्मनीला शिकायला जातात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, हे त्याचं मोठं कारण. पण राहण्या-खाण्याचे पैसे आपल्याकडे आहेत, हे आधी दाखवावं लागतं. माझी भाची २०२४ च्या ऑक्टोबरात गेली, तेव्हा वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण अकरा लाख रुपये, तिच्या नावाने खात्यात अडकवून ठेवावे लागले. त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा, सगळं त्यातच भागवायचं. ताईने आणि भाऊजींनी त्यासाठी घर तारण ठेवलंय.

अशी मुलगी २०२५ च्या मार्चमध्ये तीन मैत्रिणींबरोबर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला गेली म्हटल्यावर ताई भडकली. "आम्ही इथे हप्ते मोजतोय आणि ही समुद्रावर फोटो काढतेय!" तिचा राग मला अजिबात अवाजवी वाटला नाही. पण बचत गटांच्या वह्या तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. कुणावर काही ठरवण्याआधी मी हिशेब मागते. भाचीकडेही मागितला.

तिने पैन्‌पै लिहून ठेवली होती. विमान जाऊन-येऊन ४८ युरो, चार रात्रींचं राहणं ८४, खाणं ४५, बस-मेट्रो १५. एकूण १९२ युरो, म्हणजे साधारण अठरा हजार रुपये. हे पैसे खात्यातले नव्हतेच. दर शनिवारी ती एका बेकरीत उभी राहते, तिथली ती कमाई. जर्मनीत शिकायचा परवाना असला की स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, तोही खर्च वाचला.

आता एवढ्यात भागलं कसं? स्वस्त विमानात फुकट नेता येते ती फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी. म्हणून चौघींनी जाड कपडे अंगावरच चढवले. उतरल्या ती फक्त मुलींची सामायिक खोली, आठ पलंगांची, वर-खाली. कपाटाला कुलूप आपलं आपण न्यायचं. स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून, त्यामुळे रात्री खिचडी. दुपारी मात्र बाहेर जेवायचं, कारण तिकडे दुपारी ठरलेल्या पैशांत पूर्ण जेवण देतात, आपल्या राइस प्लेटसारखं. चौघींत एक केरळची, एक पोलंडची आणि एक कोलंबियाची. कोलंबियाच्या मुलीची भाषाच स्पॅनिश, त्यामुळे दर विचारायचं काम तिचं!

जर्मनीत हिवाळाभर आभाळ राखाडी. कपडे खोलीतच वाळवायचे, चार वाजता दिवे लावायचे. त्यानंतर व्हॅलेन्सियाचं ऊन म्हणजे काय, ते आपल्याला इथे बसून कळायचं नाही. रस्त्याच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं, पण ती संत्री कडू. तोडून खायला गेलात तर पस्तावाल. शहराबाहेर अल्बुफेरा नावाचं सरोवर आहे, त्याच्या काठाने भातशेती. तिथल्या तांदळाचा पाएया हा तिथला मानाचा पदार्थ, पसरट कढईत शिजवलेला. तळाला लागलेली खरवड सगळ्यांत चवदार समजतात. आपल्याकडे खरवडीसाठी पोरं भांडतात तसंच की! नागरमोथ्याच्या कुळातल्या एका गवताच्या गाठी वाटून केलेलं गारेगार पेय तिला फार आवडलं. दिसतं दुधासारखं, पण त्यात दुधाचा थेंब नसतो.

आणि फुकटातला तमाशा! तिथल्या फायास उत्सवात १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा दणदणाट करतात. मुख्य उत्सवाच्या दिवसांत राहण्याचे दर चढतात, म्हणून या आधीच्याच आठवड्यात गेल्या. त्याला म्हणतात बेत.

मला स्वतःला सगळ्यांत भिडलं ते नदीचं. १९५७ साली तुरिया नदीच्या पुराने शहर बुडालं, म्हणून नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रात मोठा रस्ता करायचं घाटत होतं, पण लोकांनी चळवळ करून बाग करायला लावली. आज ती कित्येक किलोमीटर लांब आहे. मुलींनी डबा तिथेच खाल्ला. पण २९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा पूर आला. वळवलेल्या पात्रामुळे जुनं शहर वाचलं, पलीकडची उपनगरं मात्र चिखलात गेली. त्या भागात दोनशेहून जास्त माणसं दगावली. दुसऱ्या दिवसापासून शहरातले हजारो लोक, त्यांत कॉलेजची कितीतरी मुलं, खराटे, फावडी, बादल्या घेऊन पुलावरून चालत पलीकडे गेले. भाची त्या पुलावर जाऊन उभी राहिली. फोटो नाही काढला म्हणाली.

गुरुवारी दुपारी बारा वाजता चौघी मोठ्या चर्चच्या दारात हजर. तिथे दर गुरुवारी पाण्याचं न्यायालय भरतं, कित्येक शतकांची परंपरा आहे. आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे डगले घालून गोल बसतात. पाण्याची तक्रार तोंडीच ऐकायची, वकील नाही, आणि निकाल तिथल्या तिथे. युनेस्कोने २००९ साली या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

हे ऐकून इतके दिवस गप्प असलेले भाऊजी फोनवर आले. त्यांचं शेत चारीच्या अगदी शेवटी, पाण्याची पाळी कधी धड मिळत नाही. "शेवटच्या टोकाला पाणी पोचतं का गं तिथे? ते विचारलंस का?"

"बाबा, ते तिथल्या व्हॅलेन्सियन बोलीत बोलतात, आमच्या कोलंबियाच्या मैत्रिणीलाही नीट कळेना. पुढच्या वेळी विचारते."

"पुढच्या वेळी?" मागून ताईचा आवाज आला.