‘मेर्सी’ म्हटलं आणि बटाटे गेले!

फ्रेंच शिकताना वाटलं होतं, खाण्यापिण्याचं बोलणं सोपं जाईल. आपण चहा ‘घेतो’, तसा फ्रेंच माणूसही कॉफी ‘घेतो’. अडलं ते इवल्याशा शब्दांपाशी. चहा आवडतो म्हणताना ‘ल ते’, कारण एकूण चहाच आवडतो. चहा पिते म्हणताना मात्र ‘द्यू ते’, म्हणजे थोडा चहा. जगातला सगळा चहा कोण पिणार? मांस स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘द ला’. नकार आला, की दोन्हींच्या जागी नुसतं ‘द’.

पॅरिसमध्ये एका घरी जेवायला गेले. ‘झ न माँज पा द व्याँद’, मी मांस खात नाही, हे अगदी बिनचूक म्हटलं. ताटात मासा आला! ‘व्याँद’मध्ये मासळी धरत नाहीत, ‘नी व्याँद, नी प्वासाँ’ असं दोन्ही सांगावं लागतं. उरले बटाटे. यजमानीणबाई पुन्हा वाढू लागल्या, तेव्हा मी आनंदानं ‘मेर्सी’ म्हटलं. भांडं पुढे सरकलं. वाढताना नुसतं ‘मेर्सी’ म्हणजे ‘नको, पुरे’! हवं असेल, तर ‘वी, मेर्सी’ म्हणायचं.

व्याकरणाला पूर्ण गुण, पण पोट अर्धंच भरलेलं. तो धडा मात्र पक्का लक्षात राहिला.