लाकूड गेले, कौले उरली : गोव्याच्या समुद्रातील बुडीत जहाजे

बाल्टिक समुद्रात 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेली ‘वासा’ ही स्वीडनची युद्धनौका 1961 मध्ये वर काढण्यात आली, तेव्हा तीन शतकांहून अधिक काळ लोटूनही तिचा लाकडी सांगाडा बहुतांशी शाबूत होता. त्याचे श्रेय केवळ पाण्याच्या थंडपणाला देणे पुरेसे नाही. बाल्टिकच्या पाण्यात मीठ इतके कमी आहे, की शिंपल्यांच्या कुळातील असूनही अळीसारखा दिसणारा आणि लाकूड पोखरणारा तेरेडो हा प्राणी तेथे तगच धरू शकत नाही. अरबी समुद्राचे पाणी मात्र उबदार आणि खारट असल्यामुळे वाळूखाली न गाडले गेलेले लाकूड तेथे फार काळ टिकत नाही, आणि म्हणूनच आपल्या किनाऱ्यावर बुडालेल्या जुन्या जहाजाचा शोध हा बहुधा त्यातील मालाचा शोध असतो.

गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफ या पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्याजवळ जे शोधकार्य केले, त्यात लोखंडी तोफा, नांगर, हातबंदुकीची कांस्य नळी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. भांड्यांच्या घडणीवरून व इतर पुराव्यांवरून हे जहाज सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. पाणघोडा हा आफ्रिकेचा प्राणी आणि भांडी चीनची, म्हणजे पूर्व आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरलेल्या ज्या व्यापाराच्या मध्यावर गोवा उभा होता, त्या व्यापाराचा पट या एका खडकापाशी उलगडतो.

सेंट जॉर्जेस रीफजवळचा अवशेष त्याहून साधा, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने कदाचित अधिक बोलका आहे. तेथे जहाजाऐवजी भाजक्या मातीचे बांधकाम साहित्य सापडले : छपराची कौले, फरशा, विटा, इतकेच नव्हे तर ग्रीक धाटणीच्या खांबांचे पानाफुलांनी नटलेले माथेही. त्यांवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा शिक्का आणि 1865 हे साल आहे. स्विस धर्मप्रसारकांच्या या संस्थेने त्याच वर्षी मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला, आणि पुढे ‘मंगलोरी कौले’ या नावाने तो माल महाराष्ट्रातील घराघरांवर चढला. येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते, कारण शिक्क्यावरील साल कारखान्याच्या स्थापनेचे असल्याने जहाज त्यानंतर बुडाले एवढेच त्यावरून सिद्ध होते; ते नेमके त्याच वर्षी बुडाले, असे म्हणता येत नाही.

अशा ठिकाणी उतरण्यासाठी स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील दाबाखालच्या हवेवर पाण्याखाली श्वास घेण्याची पद्धत, वापरली जाते. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे टाकीतील हवाही जवळपास दुप्पट वेगाने संपते. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेत असल्यामुळे थंड समुद्रात पाणबुड्याला आत पाणी शिरू न देणारा कोरडा पोशाख घालावा लागतो. गोव्यात पातळ रबरी पोशाखावर भागते. मात्र मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या गाळामुळे दृष्टी फार लांब पोहोचत नाही आणि उथळ पाण्यातील लाटांचा झोत पाणबुड्याला खडकावर आपटू शकतो, म्हणून शोधकार्य पावसाळ्याबाहेरच्या शांत महिन्यांत करावे लागते.

लाकूड नाहीसे झाले की जहाजाचा आकार केवळ वस्तूंच्या जागांवरून जुळवावा लागतो. नांगर कोठे, तोफांची तोंडे कोणत्या दिशेला, कौलांचा ढीग किती पसरलेला, हे पाण्याखालीच मोजून, रेखाटून आणि छायाचित्रित करून ठेवावे लागते. आठवण म्हणून उचललेले एक कौलही या नकाशातून कायमचे पुसले जाते, आणि हौशी पाणबुड्यांना हे आरंभीच शिकवले जाणे अत्यंत गरजेचे आहे. बाहेर काढलेली वस्तूही आपोआप सुरक्षित होत नाही : समुद्राचे मीठ मुरलेले लोखंड हवेत वेगाने गंजून पापुद्रे सोडते आणि घाईने वाळवलेला हस्तिदंत तडकतो, म्हणून हस्तिदंत गोड्या पाण्यात आणि लोखंड अल्कधर्मी द्रावणात ठेवून, ते पाणी वा द्रावण पुन्हा पुन्हा बदलत, त्यांतील मीठ दीर्घकाळ हळूहळू काढावे लागते.